जयंती ते बुद्धपौर्णिमा : उन्हात लेकरे जपू या

होळीचा महिना सरला की आपल्या वस्तीत निळ्या पताका लागू लागतात. गल्लीच्या तोंडाशी कमान उभी राहते, विहाराला रंग लागतो, मुले लेझीमच्या तालमीला जातात. 10 मार्चला सावित्रीमाईंचा स्मृतिदिन, 20 मार्चला महाडच्या सत्याग्रहाचा दिवस, 11 एप्रिलला जोतिबांची आणि 14 एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, आणि मग वैशाखी पौर्णिमा. आपल्या घरी वसंत असा येतो. याच दिवसांत पत्रे तापतात, नळाला पाणी कमी येते आणि जुलाब-उलट्या झालेली मुले दवाखान्यात वाढतात. म्हणून या वेळी आपण पाच वर्षांखालच्या मुलांविषयी बोलू या.

आपल्या धम्मात रुग्णसेवेला मोठे स्थान आहे. विनयपिटकातल्या महावग्गात एका भिक्खूची हकीकत येते. तो हगवणीने आजारी होता, स्वतःच्या घाणीत पडला होता आणि कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि खाटेवर निजवले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे भगवंतांनी त्या वेळी भिक्खूंना समजावले. सावित्रीमाई 1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि त्याच साथीत त्यांचे निधन झाले. रमाई आणि बाबासाहेबांनी तर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे गमावली. त्या काळी ना आजच्या लशी होत्या, ना घरोघरी औषध. आज जुलाबावरचे औषध काही रुपयांत मिळते, सरकारी दवाखान्यात तर फुकट मिळते. तरीही एखादे लेकरू पाणी कमी होऊन दगावले, तर ते आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागले पाहिजे.

पाणी

1927 मध्ये चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी लढा दिला. आता ते पाणी स्वच्छ ठेवणे आपल्या हातात आहे. उन्हाळ्यात नळ थोडा वेळ येतो, टँकरचे पाणी पिंपात साठते, आणि त्यातूनच आजार पसरतो. पिण्याचे पाणी उकळून गार करावे. रॉकेल-गॅस परवडत नसेल तर दवाखान्यातून किंवा आशाताईंकडून क्लोरीनच्या गोळ्या घ्याव्यात, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकाव्यात आणि अर्धा तास थांबूनच पाणी प्यावे. माठात हात किंवा पेला बुडवू नये, लांब दांडीचे ओगराळे ठेवावे. शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर आणि बाळाला भरवण्याआधी साबणाने हात धुवावेत.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला कडक उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आजी प्रेमापोटी बोटाने पाणी, साखरपाणी, घुटी चाटवतात. त्यांना आदराने समजावावे. आईच्या दुधात बाळाला लागणारे सगळे पाणी असते. बाळाला जास्त वेळा अंगावर घ्यावे, आणि घरच्यांनी त्या आईच्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवावा.

जुलाब लागले तर

पहिल्या पातळ शीपासूनच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, सुरू करावी. सरकारी दवाखान्यातले पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते सगळे एकाच वेळी एक लिटर पाण्यात मिसळावे. अर्धे पाकीट, अर्धे पाणी असा अंदाज करू नये. दुकानातली काही पाकिटे लहान असतात, म्हणून आधी वाचावे. तयार पाणी 24 तासांत संपवावे, उरले तर फेकावे. दोन वर्षांखालच्या मुलाला दर पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. पाकीट मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून देता येते. बाटलीतली गोड रंगीत पेये म्हणजे जलसंजीवनी नव्हे. त्यांनी जुलाब वाढतात.

सोबत झिंकच्या गोळ्या दवाखान्यातून घ्याव्यात. जुलाब थांबले तरी त्या 14 दिवस पूर्ण द्याव्यात. आईचे दूध आणि नेहमीचे मऊ जेवण, म्हणजे वरण-भात, खिचडी, केळे, बंद करू नये. ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवले की ते आणखी खंगते.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, रडताना अश्रू येत नाहीत, सहा तासांत लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त आहे, किंवा काहीच पीत नाही, तर घरी थांबू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळाला जुलाब लागले तर दूध चालू ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पत्र्याखालचे घर

दुपारी पत्र्याखाली लहान बाळाला झोळीत गुंडाळून ठेवले की त्याचे अंग तापते. सुती, सैल कपडा पुरे. पत्र्यावर चुना फासावा किंवा ओली गोणपाटे टाकावीत, दारा-खिडकीतून वारा खेळू द्यावा. घर फारच तापत असेल तर बारा ते चार या वेळेत विहार किंवा समाजमंदिर मुलांसाठी उघडे ठेवता येईल का, हे वस्तीने ठरवावे. अंग भट्टीसारखे गरम, मूल गुंगीत किंवा झटके येत असतील तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत आणून कपडे काढावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

मिरवणुकीत आणि विहारात

लेकराला जयंती दाखवायलाच हवी. बाबांच्या खांद्यावरून पाहिलेला निळा झेंडा मूल विसरत नाही. मात्र ऊन उतरल्यावर न्यावे, टोपी घालावी, घरची पाण्याची बाटली सोबत घ्यावी. विहारात आपण नेसतो ते पांढरे सुती कपडे उन्हालाही उत्तम. मोठ्या ध्वनिवर्धकांच्या भिंतीपासून तान्ह्या बाळाला दूरच ठेवावे. त्या आवाजाने कान कायमचे बिघडू शकतात. ज्याच्या कडेवर मूल आहे, त्याने त्या दिवशी तरी पाचवे शील काटेकोर पाळावे. बर्फाचा गोळा, उघडे सरबत टाळावे. तो बर्फ पिण्यासाठी बनवलेला असेलच असे नाही.

पौर्णिमेला सुजाताच्या आठवणीने आपण खीर वाटतो. दूध उन्हाळ्यात लवकर नासते. सकाळी शिजवलेली खीर संध्याकाळपर्यंत पातेल्यात ठेवू नये. वाटायच्या वेळेच्या बेताने शिजवावी, गरम असतानाच वाटावी, दोन तासांत संपवावी.

घरी संध्याकाळच्या वंदनेला लहान मुलांना त्रिसरण-पंचशील पुरे, पाच मिनिटे बसली तरी खूप. एका खोलीच्या घरात मेणबत्ती मुलाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवावी. बाळाला खोकला किंवा दमा असेल तर अगरबत्ती दाराबाहेर लावावी. फुले वाहून केलेले वंदनही पूर्णच असते.

गोवर म्हणजे देवीचा कोप नव्हे

याच ऋतूत गोवर-कांजिण्या येतात. काही घरांत अजून ‘आई आली’ म्हणतात, फोडणी बंद, आंघोळ बंद आणि दवाखानाही बंद. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी 22 प्रतिज्ञा दिल्या, त्यानंतर आपल्या घरात हा समज राहू नये. देवीचा रोग लसीने गेला आणि 1977 मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. गोवर विषाणूने होतो आणि लसीने टळतो. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवराची साथ आली, त्यात लहान मुले गेली. गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. तारीख चुकली असेल तरी जावे, उशिराही लस देतात. ताप, पुरळ, लाल डोळे दिसले तर मुलाला इतर मुलांपासून वेगळे ठेवून दवाखान्यात दाखवावे.

जयंती मंडळांना एक विनंती. वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढा. मिरवणुकीच्या वाटेवर नळ लावलेले झाकणाचे पिंप, जलसंजीवनीची पाकिटे आणि मुलांना टेकायला सावलीचा एक कोपरा असू द्या. आशाताईंना बोलवा, लसीकरणाची कार्डे तपासून घ्या. महाडच्या पाण्याची आठवण वस्तीत अशी जागती राहील, आणि पौर्णिमेला खिरीची वाटी घ्यायला प्रत्येक घरचे लेकरू हसत येईल.

जय भीम! नमो बुद्धाय!