‘पुढे न्या’ म्हणण्याआधी

‘याला पुढे न्या.’ खेड्यातल्या डॉक्टरच्या तोंडचं हे वाक्य नातेवाइकांना हात झटकल्यासारखं वाटतं. पण त्यामागे एक हिशेब असतो, आणि त्यात रोगाइतकाच रस्त्याचाही वाटा असतो. वाटेतल्या दीड-दोन तासांत काय बिघडेल आणि ते इथेच रोखता येईल का, हा खरा प्रश्न.

कोकणातल्या लाल विंचवाचंच पाहा. मूल वेदनेने आकांत करतं तेव्हा घरचे घाबरतात. पण हातपाय गरम असतील, घाम-उलटी नसेल, तर बहुधा विष फारसं भिनलेलं नसतं. काही तास नजरेखाली ठेवलं तरी भागतं. भीती असते ती घामाने भिजलेल्या, उलट्या करणाऱ्या, हातपाय गार पडलेल्या मुलाची. दंशाची जागा त्याला कधी फारशी दुखतही नाही. पण हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरू लागतं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा यावर नेमका उपचार नव्हता. गंभीर रुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा दगावत. १९८०च्या दशकात त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरायला सुरुवात केली, आणि मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. ही गोळी गावातच देता येते. म्हणून आधी गोळी, मग गाडी.

सर्पदंशात हिशेब अधिक अवघड. घोणस, फुरसं यांच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. नळी तिरकी केल्यावर ते वाहिलं, तर सर्पविषावरची लस तिथेच सुरू करायची. याला ना यंत्र लागतं, ना वीज. मण्यार मात्र फसवी. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो. दंशाची खूण सापडत नाही. पापण्या मिटू लागल्या की श्वासही थांबू शकतो. अशाला जीपमध्ये नुसतं आडवं टाकून पाठवू नये. श्वासाची पिशवी दाबणारं कुणी सोबत हवं.

एवढं करूनही माणसं निघतीलच असं नाही. भातकापणी, गोठ्यातली जनावरं, बुडणारा रोज. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या अनुभवात आईवडील आजारी तान्ह्या बाळाला इस्पितळात न्यायला सहसा तयार नसत. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. ‘सांगूनही नेलं नाही’ म्हणून घरच्यांना बोल लावणं मला म्हणूनच पटत नाही.

शिवाय डॉक्टरच्या नावाचा प्रश्न असतो. सारखं पाठवलं तर ‘याला काही येत नाही’. ठेवून घेतलं आणि बिघडलं तर ‘पैशासाठी अडकवलं’. डॉक्टरने हात झटकले की विचार केला, हे मी तरी चिठ्ठीवरून ओळखेन. दंश किती वाजता झाला, कोणतं औषध कधी दिलं, नळीतलं रक्त गोठलं की नाही, एवढं लिहिलेलं असेल तर सिव्हिलमधला डॉक्टर तिथून पुढे सुरुवात करतो. ‘पुढील उपचारासाठी’ एवढंच असेल, तर त्याला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं, तेही वाटभर घाबरलेल्या नातेवाइकांना.