मराठी नक्की कोणाची पहिली भाषा? शिक्षक-प्रशिक्षणावर संशोधन करणाऱ्यांसाठी

दुसरी भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला आधी इंग्रजीच आठवते. त्याला कारणही आहे. हैदराबादला १९५८ मध्ये खास इंग्रजीच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली, तीच आजचं इफ्लू विद्यापीठ. पण नंदुरबारला बसून हा विषय घेणार असाल तर जरा थांबा. इथे दुसरी भाषा मराठीच आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचं प्रमाण सुमारे ६९ टक्के. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी भिली, पावरी बोलली जाते. नवापूरकडे मावची, कोकणी. ही मुलं पहिलीत येतात आणि मराठी पुस्तक उघडतात. राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी आहे, म्हणजे इंग्रजी त्यांची तिसरी भाषा झाली.

आता टीईटीचा पेपर बघा. पहिली ते पाचवीसाठीच्या १५० गुणांत भाषा-१ ला ३० आणि भाषा-२ ला ३०. बहुतेक उमेदवार भाषा-१ मध्ये मराठी आणि २ मध्ये इंग्रजी घेतात. हा क्रमांक शिक्षकाच्या बाजूने लावलेला आहे, मुलाच्या नाही. बी.एड.लाही 'मराठी अध्यापन' हा विषय घेणाऱ्याला वाटतं, आपण मातृभाषा शिकवतोय. माझ्या मते खरी गडबड इथेच आहे.

फरक काय पडतो ते एका उदाहरणाने पाहू. काही भिली बोलींत 'स'च्या जागी 'ह' येतो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातही (भिली भाषांचा खंड, १९०७) याची नोंद आहे. समजा मुलाने 'सात' हा शब्द 'हात' असा वाचला आणि समोरचे सात खडे बरोबर मोजून दिले. त्याला अर्थ कळला, फक्त उच्चार घरचा आला. पण प्रशिक्षण नसलेला शिक्षक लिहिणार, 'वाचता येत नाही'. हाच शेरा पुढे गणितात, विज्ञानात मुलाच्या मागे लागतो. (मी मूळची विज्ञानवाली, त्यामुळे हे जास्त टोचतं. भाषेची अडचण आम्ही सर्रास 'कन्सेप्ट कच्चा' म्हणून खपवतो.) केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात वाचनातल्या अशा चुकांचं विश्लेषण करायची पद्धत मांडली: चुकीने अर्थ बदलला का, हे आधी बघायचं. शिकवायला सोपी आहे, प्रशिक्षणार्थींना ती काही तासांतही देता येईल.

मग संशोधन कशावर? 'प्रशिक्षणाची परिणामकारकता' असा विषय घेतला की बरेच जण प्रश्नावली वाटतात आणि 'कोर्स उपयुक्त वाटला' हा निष्कर्ष काढून मोकळे होतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: कोर्स कसा वाटला, काय शिकलात, वर्गात वागणं बदललं का, आणि शेवटी परिणाम काय झाला. प्रश्नावली पहिल्याच पायरीवर अडकते. आपल्याला हवी तिसरी.

त्यासाठी सोय तयार आहे. २०१४ च्या एनसीटीई नियमांनुसार बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवड्यांची इंटर्नशिप आली. त्या काळात पालकांच्या परवानगीने मुलांचं वाचन रेकॉर्ड करा. प्रशिक्षणार्थीने कुठे चूक धरली ते नोंदवा. तेच रेकॉर्डिंग ती बोली घरी बोलणाऱ्या दोन जाणकारांना स्वतंत्रपणे ऐकवा. आधी त्या दोघांचं एकमेकांशी किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने काढा. तिथेच जुळत नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, नियम नीट लिहून पुन्हा सुरुवात करा. जुळलं की मग प्रशिक्षणार्थीचं त्यांच्याशी किती जुळतं ते बघा. कोर्स न घेतलेला एक गट तुलनेला हवाच.

नमुना मोजताना मात्र जपून. १० प्रशिक्षणार्थी आणि प्रत्येकाकडे २० मुलं असतील तर 'नमुना २००' असं लिहू नका. कोर्स शिक्षकाने केलाय, मुलांनी नाही, आणि एकाच शिक्षकाच्या वीस नोंदी एकमेकींसारख्याच असणार. तुमचा नमुना १० आहे. गाईडसमोर हे आधीच बोलून घ्या, कारण कॉलेजं किती लागतील हे त्यावर ठरतं.