स्टिअरिंगचा प्ले : आधी दोष शोधा, मग पाना लावा

कापडाच्या धंद्यात माल विणून तयार झाला म्हणजे काम संपत नाही. गाठी वेळेवर आणि सुखरूप गिऱ्हाइकाच्या दुकानी पोहोचल्या पाहिजेत. आपल्यापैकी बऱ्याच लहान व्यापाऱ्यांकडे या कामासाठी दहा-पंधरा वर्षांची जुनी पिकअप असते. आम्हीही मालेगावहून साड्यांच्या गाठी अशाच गाडीतून पाठवतो.

एकदा ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, गाडी सरळ धावत नाही. चाक सारखे इकडेतिकडे फिरवावे लागते." आम्ही म्हणालो, "जुनी गाडी आहे, चालायचंच." पंधरा दिवसांनी राहुडच्या घाटात भरलेली गाडी वळणावर शेजारच्या ट्रककडे ओढली गेली. ड्रायव्हरने कशीबशी सावरली. जीव वाचला, मालही वाचला. पण चूक ड्रायव्हरची नव्हती, आमची होती.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळून दिला. पाच मिनिटांचे काम! चाक जड झाले, वळणानंतर आपोआप सरळ येईना, आणि आठवड्यात प्ले पुन्हा आला. मग एका जुन्या मिस्त्रीने गाडीखाली शिरून दाखविले. बॉक्स चेसिसला धरणारे दोन बोल्ट सैल होते आणि एक टाय रॉड एंड झिजला होता. बॉक्सचा दोष नव्हताच. तो तजुर्बा बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून हे लिहीत आहोत.

प्ले किती चालतो?

पुढची चाके सरळ ठेवा. स्टिअरिंग हळूहळू फिरवा आणि टायर हलेपर्यंत कडेवर किती अंतर गेले ते पाहा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून पाहावे. जुन्या बॉक्सच्या गाडीत एक-दोन इंच प्ले सहसा चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ प्रमाणे तो ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. सोळा इंची स्टिअरिंगवर हे सुमारे चार इंच होतात. ही कायद्याची शेवटची हद्द आहे. भरलेल्या गाडीने तिथपर्यंत थांबू नये.

तपासणीचा क्रम

पहिल्यांदा टायरची हवा पाहा. हवा कमी असली तरी गाडी डुलते. मग एका माणसाला स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायला बसवा. दुसऱ्याने वरून खाली क्रमाने पाहत जावे : कॉलमचा जॉइंट, बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा भाग उशिरा हलतो, तिथे दोष. बॉक्सचा आत जाणारा दांडा फिरतो पण ड्रॉप आर्म हलत नाही, असे झाले तरच बॉक्सवर संशय घ्यावा.

नंतर मागच्या चाकांना ठोकळे लावून पुढचे चाक जॅकवर उचला आणि खाली मजबूत आधार द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर-खाली धरून हलवा. हलले तर बेअरिंग, किंग पिन किंवा बॉल जॉइंट सैल आहे. कोणी ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा. चाक दोन्ही बाजूंना धरून हलवल्यावर खडखडले तर टाय रॉड एंड पाहा. पाट्यांचे बुश आणि यू बोल्टही तपासा. तेही सैल असले की गाडी भरकटते.

दुरुस्ती

सैल बोल्ट आवळावेत. बोल्टाजवळ चेसिसला तडा गेला नाही ना, तेही पाहावे. झिजलेला टाय रॉड एंड बदलावाच, ठोकून किंवा वेल्डिंग करून चालवू नये. जुना काढताना आटे मोजून ठेवावेत, नवा तितकाच बसवावा, आणि मग अलाइनमेंट करून घ्यावे. नाहीतर नवे टायर कडेने खाल्ले जातात. नटमध्ये नवी स्प्लिट पिन घालावी. भोक जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळावा, सैल करू नये.

एवढे करूनही प्ले राहिला तर बॉक्सचे तेल पाहून स्क्रूला हात लावावा. पुढची चाके उचललेली, स्टिअरिंग मधोमध. चेकनट सैल करून एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा. मग चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. कुठे अडकले तर स्क्रू मागे घ्यावा. तरीही प्ले न गेल्यास बॉक्स खोलावाच लागतो.

आता आम्ही ड्रायव्हरची प्रत्येक तक्रार तारखेसह वहीत लिहितो आणि ती दूर झाल्याशिवाय गाडीत गाठ चढवत नाही. एका खेपेचे भाडे बुडाले तर पुढच्या खेपेत निघते. घरी वाट पाहणाऱ्यांचा माणूस गेला तर तो कोणत्याही खेपेत परत येत नाही.