इब्लीस आणि शैतान : इस्लामी परंपरेतील दोन नावांचा अर्थविचार

ख्रिस्ती आणि इस्लामी या दोन्ही परंपरांतील दुष्ट शक्तीसाठी मराठीत ‘सैतान’ हा एकच शब्द रूढ आहे. सामान्य व्यवहारात त्यामुळे काही बिघडत नाही. परंतु फारसी-उर्दू काव्याच्या अभ्यासात आणि अनुवादात हा शब्द अपुरा पडतो. इस्लामी परंपरेत ‘इब्लीस’ आणि ‘शैतान’ अशी दोन नावे असून त्यांचे कार्यक्षेत्र एकच नाही.

कुराणात ‘इब्लीस’ हे नाव ११ वेळा येते. त्यांपैकी ९ उल्लेख, सात सूरांमध्ये मिळून, एकाच प्रसंगाचे आहेत. मातीपासून घडविलेल्या आदमपुढे नतमस्तक होण्याची आज्ञा ईश्वर देवदूतांना देतो. सर्व देवदूत ती पाळतात. अग्नीपासून निर्माण झालेला इब्लीस मात्र स्वतःला श्रेष्ठ मानून नकार देतो. पुढे उद्यानात आदम व त्याच्या पत्नीला मोहात पाडण्याचा प्रसंग येतो, तेव्हा नाव बदलते आणि ‘शैतान’ हा शब्द योजला जातो. ईश्वरासमोर नकार देणारा तो इब्लीस, मनुष्याला भुलविणारा तो शैतान, असा हा सर्वसाधारण भेद आहे. शिवाय ‘शैतान’ हे जातिवाचक नामही आहे. त्याचे अनेकवचन ‘शयातीन’ असे होते आणि मनुष्यांतही शैतान असतात असे कुराण सांगते.

इब्लीस देवदूत की जिन, हा भाष्यकारांमधील जुना वाद होय. आज्ञा देवदूतांना होती, म्हणून तो देवदूत असावा, असा एक पक्ष. अठराव्या सूरेत त्याला स्पष्टपणे जिनांपैकी म्हटले आहे, हा दुसऱ्या पक्षाचा आधार. तबरीने (मृत्यू इ. स. ९२३) दोन्ही मते नोंदविली आहेत. या वादामागे नैतिक प्रश्न आहे : देवदूत आज्ञाभंग करूच शकत नसतील, तर नकारासाठी निवडीचे स्वातंत्र्य असलेला जीव हवा.

इब्लीसला कयामतपर्यंत मुदत मिळते, सत्ता मिळत नाही. चौदाव्या सूरेनुसार निवाड्यानंतर शैतान स्वतःच सांगतो की, आपण केवळ हाक मारली, प्रतिसाद माणसांनी दिला. कुजबुज, म्हणजे ‘वसवसा’, हेच त्याचे साधन. म्हणूनच तो इराणी धर्मकल्पनेतील अह्रिमनसारखा ईश्वराचा प्रतिस्पर्धी ठरत नाही आणि पापाची जबाबदारी माणसाकडेच राहते.

लोककल्पनेने ही कुजबुज दैनंदिन जीवनात आणली. निजलेल्याच्या मानेवर शैतान तीन गाठी मारतो आणि जांभई त्याच्याकडून येते, या समजुतींना हदीसचा आधार आहे. हकीम तिर्मिझीच्या नावाने अत्तारने सांगितलेली खन्नासची कथा याहून मार्मिक आहे. इब्लीस आपले पोर हव्वाकडे सोपवून जातो. आदम त्याला मारून त्याचे तुकडे करतो, नंतर जाळतो. पण इब्लीसने हाक मारताच ते प्रत्येक वेळी पुन्हा जिवंत होते. अखेर आदम व हव्वा त्याला शिजवून खातात. इब्लीस संतुष्ट होतो, कारण मानवाच्या अंतरंगात शिरणे हाच त्याचा हेतू होता.

सूफींनी नकाराचाच वेगळा अर्थ लावला. इ. स. ९२२ मध्ये बगदादला देहदंड झालेल्या हल्लाजच्या ‘किताब अल्-तवासीन’मध्ये इब्लीस हा ईश्वराखेरीज कोणासही न नमणारा एकेश्वरवादी आहे. अहमद गझाली व ऐनुल्कुझात हमदानी यांनी त्याला विरही प्रेमिकाचे रूप दिले. रूमीला (१२०७–१२७३) हे समर्थन मान्य नाही. आदममध्ये केवळ माती पाहणारी दृष्टी त्याच्या मते सदोष होय. ‘मसनवी’च्या दुसऱ्या खंडात इब्लीस मुआवियाला नमाजासाठी जागे करतो. हेतू एवढाच की, नमाज चुकल्याच्या पश्चात्तापाचे पुण्य त्याला मिळू नये. १९३६ मध्ये इक्बालने ‘इब्लीस की मजलिस-ए-शूरा’मध्ये त्याला समकालीन राजकीय विचारप्रणालींचा परामर्श घेणारा सभापती केले.

या सर्व ठिकाणी ‘सैतान’ असा सरसकट अनुवाद केल्यास हल्लाजचा प्रेमिक आणि इक्बालचा सभापती दोघेही केवळ भुलविणारे उरतात. मूळ नकार आणि त्यामागील वाद वाचकाला दिसतच नाही. ‘खवीस’ हा अरबी ‘खबीस’वरून आलेला शब्द कोकणच्या भुतांच्या कथांत सहज रुळला आहे, तेव्हा ‘इब्लीस’ हे नाव मराठी अनुवादात जसेच्या तसे ठेवण्यास अडचण नसावी.