आट्यांकडून दाबाकडे : पुण्यातल्या नळकामाची चाळीस वर्षं

1980च्या दशकात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत सोसायट्या उभ्या राहत होत्या, तेव्हा साइटवरचा प्लंबर त्याच्या वाइसवरून ओळखू यायचा. एका कोपऱ्यात जाड फळीवर बसवलेला वाइस, त्यात आवळलेला वीस फुटी जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणि डायचा दांडा ओढणारे मिस्त्री नि हेल्पर. मधूनमधून तेल सोडायचं, आटे पाडायचे, त्यावर ताग गुंडाळून सफेदा चोपडायचा आणि सॉकेट पान्यानं आवळायचं. पाणी सोडल्यावर एकही जॉइंट ठिबकला नाही की मिस्त्रीची अब्रू राहिली. पाइपाचा दर्जा रंगाच्या पट्टीवर कळायचा : पिवळी हलक्याची, निळी मध्यमची, लाल जडची. सांडपाण्याला बीडाचे पाइप असत. त्यांच्या सांध्यात वितळलेलं शिसं ओतायचं आणि ते छिन्नीनं ठोकून बसवायचं. तो धूर नाकातोंडात घेतच एक अख्खी पिढी काम करत राहिली. शिशाच्या विषाबद्दल त्यांच्याशी कुणी बोललं नाही.

त्या कामाची एक सोय मात्र मोठी होती. पाइप भिंतीवरून उघडे जात. गळलं तर डोळ्यांना दिसे, युनियन खोलली की दुरुस्ती होई. गरम पाणी बहुतेक घरांत तांब्याच्या बंबातलं किंवा चुलीवरचं, त्यामुळे गरम पाण्याची वेगळी लाइन हा विषयच फारसा नव्हता.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दोन गोष्टी जवळपास एकदम झाल्या. गिऱ्हाइकाला भिंतीवर पाइप नकोसे झाले आणि प्रत्येक बाथरूममध्ये गीझर आला. जीआय पाइप टाइल्समागे गेला. उपनगरांत बोअरचं जड पाणी आणि टँकर सुरू झाले होते. पाइपाला आतून गंज चढायचा, क्षार धरायचे आणि सकाळी पहिलं पाणी तांबूस यायचं. शतक बदलता बदलता सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही पेलणारं प्लॅस्टिक आलं. त्याला गंज नाही, वजन नाही. वाइस आणि डाय घरी गेले.

धंद्याचं खरं नुकसान इथे सुरू झालं असं मला वाटतं, आणि ते मालामुळे झालेलं नाही. सीपीव्हीसी उत्तम माल आहे. पण डाय फिरवायला ताकद आणि सराव लागायचा, त्यामुळे नवशिक्याला दोन-तीन वर्षं उस्तादाच्या हाताखाली काढावीच लागत. आता करवत आणि सोल्व्हंटचा डबा घेतला की कुणीही प्लंबर झाला. नीट सांधा कसा होतो ते बघा. पाइप काटकोनात कापायचा, आतली-बाहेरची कूस काढायची, कड किंचित तिरपी घासायची, फिटिंगमध्ये तो किती आत जायला हवा त्याची खूण करायची. मग पाइप आणि फिटिंग दोन्हींना सोल्व्हंट लावायचं, पाव वळसा देत पाइप थेट तळापर्यंत ढकलायचा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवायचा, कारण सोडला तर तो मागे सरकतो. घाईत हे शेवटचं धरणंच पहिल्यांदा राहून जातं. असा सांधा त्या दिवशी गळत नाही. टाइल्स बसतात, ताबा दिला जातो, आणि वर्षा-दोन वर्षांनी खालच्या फ्लॅटच्या छताला ओल धरते.

गरम लाइनची गोष्ट याहून नाजूक. 23 अंशांना सीपीव्हीसीचा पाइप जेवढा दाब सहज पेलतो, त्याच्या साधारण चौथा हिस्साच तो 82 अंशांना पेलतो. शिवाय तापला की लांबीनं वाढतो. तो भिंतीच्या झिरीत सिमेंटनं घट्ट जखडला आणि गीझरजवळ पितळी आट्यांच्या फिटिंगऐवजी प्लॅस्टिकचेच आटे टेप गुंडाळून आवळले, तर तडा जायचाच. माल विकायला कंपन्यांचे लोक दारोदार आले. हे शिकवायला फार थोडे आले, आणि आले ते ठेकेदाराला भेटून गेले, हातानं काम करणाऱ्याला नाही.

2000 नंतर इमारती उंच होत गेल्या आणि नळकामात गणित शिरलं. उभ्या पाण्याच्या दहा मीटर उंचीला सुमारे एक किलो दाब, हा हिशेब चार मजली सोसायटीत कुणाला लागत नव्हता. तीस मजली इमारतीत वरच्या टाकीतून थेट पाणी सोडलं तर तळमजल्यावर नऊ किलोच्या आसपास दाब पडतो, आणि बाजारातले घरगुती गीझर साधारण आठ किलोपर्यंतचे. म्हणून मजल्यांचे गट पाडून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवावे लागतात. उलट सर्वांत वरच्या मजल्यांना दाबच मिळत नाही, तिथे प्रेशर पंप. ज्या मिस्त्रींनी ड्रॉइंग वाचायला शिकून घेतलं ते या लाटेत वर आले. काही जण साइट इंजिनियरच्या शेजारी बसून शिकले, काहींची मुलं डिप्लोमा करून वडिलांच्या धंद्यात आली. बाकीचे किरकोळ दुरुस्तीवर राहिले.

गरम पाण्याच्या कामानं तर गीझरनंतर आणखी दोन वळणं घेतली. सोलरला महापालिकेनं मालमत्ता करात सवलत दिली आणि पुण्याच्या गच्च्या भरल्या. पण वर यंत्र चांगलं आणि खाली लाइनला इन्सुलेशन नाही, पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन नाही, अशा सोसायट्या आजही ढिगानं आहेत. पहिल्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत बादलीभर गार पाणी मोरीत जातं. आता वसतिगृहं आणि हॉटेलांत हीट पंप येतोय. तो एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांएवढी उष्णता पाण्याला देतो, पण बसवणाऱ्याला नळ, वीज आणि एसीचा गॅस तिन्ही कळावं लागतं. असा माणूस तयार करणं हेच पुढच्या दहा वर्षांचं काम आहे.

गॅस गीझरबद्दल मात्र मला राग आहे आणि तो लपवायचा नाही. दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात बातमी येते : बंद बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर बसवायचा नाही, तो बाहेर मोकळ्या हवेत लावायचा, एवढा नियम पाळला तर यातले जीव वाचतील. गिऱ्हाईक कितीही आग्रह करो, नाही म्हणणं हे बसवणाऱ्याचंच काम आहे.

हे नळकाम करतं कोण? पुण्या-मुंबईच्या साइट्सवर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले कारागीर मोठ्या संख्येनं आहेत. तिथल्या पट्टामुंडाईत सरकारची खास नळकामाची शिक्षणसंस्था आहे, एवढी त्या भागाची या धंद्याशी ओळख जुळली आहे. 2020च्या टाळेबंदीत ते गावी गेले आणि इथल्या साइट्स ठप्प झाल्या. आपल्या मुलांनी हे काम का घेतलं नाही, हा प्रश्न त्या वेळी पडायला हवा होता. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, पण या कामाला मान नाही म्हणून त्याकडे ओढा नाही. 2023मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्या 18 व्यवसायांत गवंडी आहे, सुतार आहे, न्हावी आहे, शिंपी आहे. प्लंबर नाही.

या काळात जे टिकले त्यांच्यात मला एक सारखी गोष्ट दिसली. त्यांनी चाचणी आपल्या कामाचा भाग केली. टाइल्स बसण्याआधी टेस्ट पंप लावून लाइनवर कामाच्या दाबाच्या दीडपट दाब धरायचा, गेजचा काटा हलत नाही हे मालकाला दाखवायचं, भिंतीतल्या पाइपांचे फोटो मापाच्या टेपसकट काढून द्यायचे. यात अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी बहुतेक ठेकेदार कोटेशनमध्ये धरतच नाहीत.

घर बांधणाऱ्यांना, बाथरूम नव्यानं करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : गवंड्याला टाइल्स लावू देण्याआधी प्लंबरकडे प्रेशर टेस्ट मागा, आणि त्या दिवसाचे पैसे वेगळे द्या.