तेरावा सैनिक आणि तिसरी किल्ली

आयर्लंडमध्ये बाराव्या आणि तेराव्या सैनिकाच्या मधोमध एक कुलूप आहे. सशस्त्र सैनिक १२ पर्यंत असतील, तर सरकार आपल्या अखत्यारीत त्यांना परदेशी शांतिमोहिमेवर धाडू शकतं. तेरावा निघाला, की तीन किल्ल्या लागतात: सरकारचा निर्णय, ‘डॉइल’ या कनिष्ठ सभागृहाची संमती आणि संयुक्त राष्ट्रांची मान्यता. तिकडे याला ‘ट्रिपल लॉक’ म्हणतात. नवल वाटतं ते तिसऱ्या किल्लीचं. ती डब्लिनमध्ये नाहीच, न्यूयॉर्कला आहे! स्वतःच्या फौजेच्या कुलपाची किल्ली एका स्वतंत्र देशानं आपणहून जगाच्या हाती ठेवली आहे.

आयर्लंड तटस्थ देश आहे. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. तो दुसऱ्या महायुद्धात काठावर राहिला, नाटोतही गेला नाही. पण १९५८ पासून त्याचे सैनिक सतत कुठल्या ना कुठल्या शांतिमोहिमेवर आहेत. १९६० मध्ये काँगोतल्या नियेम्बाजवळ एकाच हल्ल्यात त्याचे ९ जवान पडले. १९७८ मध्ये ते दक्षिण लेबनॉनमध्ये पोचले. पुढे तिथं भारतीय जवानही आले.

२००१ मध्ये आयरिश मतदारांनी युरोपीय संघाचा नीस करार फेटाळला. आपली मुलं युरोपच्या सैन्यात ओढली जातील, ही एक मोठी धास्ती होती. सरकारनं तीन किल्ल्यांची जाहीर हमी दिली आणि २००२ मध्ये करार मंजूर झाला.

कुलूप कधी अडतंही. १९९९ मध्ये चीनच्या नकाराधिकारानं मॅसेडोनियातली संयुक्त राष्ट्रांची मोहीम संपली. २००३ मध्ये तिथं युरोपीय संघाची मोहीम गेली, पण संयुक्त राष्ट्रांचा आदेश नसल्यानं आयरिश सैनिक घरीच राहिले. नकाराधिकार असलेल्या पाच बड्या देशांपैकी एकाच्या ‘नाही’नं आपलं पाऊल का थांबावं, असा प्रश्न उभा राहिला. मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड असलेले लिओ वराडकर पंतप्रधान असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये, सरकारनं ही तिसरी किल्ली काढण्याचा इरादा जाहीर केला. २०२५ च्या मसुद्यात तर १२ ची मर्यादा ५० वर न्यायचं ठरलं. विरोधकांच्या मते मात्र त्या किल्लीविना तटस्थता पोकळ होईल.

नकाराधिकाराची अडचण खरी आहे. तरीही परक्याच्या अंगणात बंदूक घेऊन शिरण्याआधी जगाला विचारणं, हा दुबळेपणा नव्हे. लहान देशाच्या शब्दाला वजन येतं ते अशाच संयमानं. ती किल्ली जपायला हवी.