तुआहिने : मानोआच्या दरीतील पाऊस आणि पावसाची विशेषनामे

हवाई बेटांपैकी ओआहू या बेटावर होनोलुलू शहर वसलेले आहे, आणि शहराच्या वस्तीतूनच कोओलाऊ डोंगररांगेच्या पोटात शिरत गेलेली मानोआ नावाची एक दरी आहे. दरीचे तोंड नैर्ऋत्येस, समुद्राच्या बाजूस उघडते. डोके ईशान्येस, उंच कड्यांना टेकलेले असते. मुखापाशी हवाई विद्यापीठ आहे. १९०७ साली शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९१२ साली या दरीत आली आणि १९२० साली तिला विद्यापीठाचे रूप मिळाले. विद्यापीठाच्या आवारात कोरड्या अंगाने बसमध्ये चढलेला मनुष्य दहा-बारा मिनिटांनी दरीच्या वरच्या अंगास उतरतो, तेव्हा तेथे पाऊस चालू असतो. या गोष्टीचे तेथील कोणासही नवल वाटत नाही. ‘आज पाऊस आहे काय?’ हा प्रश्न मानोआत अपुरा ठरतो, ‘कोठे?’ हे त्यास जोडावेच लागते. पावसाचा स्थळाशी असलेला हा संबंध हवाईयन भाषेने कसा नोंदविला आणि ती भाषा बाजूस पडल्यावर त्या नोंदीचे काय झाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम पावसाविषयी. समुद्रकाठच्या वाइकीकी या भागात वर्षाकाठी ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. विद्यापीठाच्या आवारात सुमारे १,०००. आणि दरीच्या डोक्याशी असलेल्या लायन वृक्षोद्यानात सुमारे ४,०००. हे सारे अंतर अवघे सहा-सात किलोमीटरांचे. लोणावळा ते पुणे या साठ-पासष्ट किलोमीटरांत जे घडते, तेच येथे एका उपनगराच्या लांबीत घडते असे म्हणावयास हरकत नाही. कारणही जवळपास तेच आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे कोओलाऊच्या भिंतीस अडून वर चढतात, त्यांतील बाष्पाचे ढग होतात आणि माथ्याच्या दोन्ही अंगांस पाऊस सांडतो. रांग फारशी उंच नाही. तिचे सर्वोच्च शिखर कोनाहुआनुई जेमतेम ९६० मीटरांचे. त्यामुळे ढग माथा ओलांडून पर्जन्यछायेच्या बाजूसही थोडे अंतर येतात आणि मग विरून जातात. हे जे थोडे अंतर, तेच मानोआ. मात्र एक भेद ध्यानी ठेवावयास हवा : सह्याद्रीवर हा खेळ चार महिने चालतो, मानोआत तो बहुतेक वर्षभर, दिवसातून अनेकदा आणि एकेका वेळी काही मिनिटे चालतो.

दुपारी सूर्य दरीच्या मुखाकडे कलतो आणि पाऊस दरीच्या डोक्याशी पडत असतो. सूर्य पाठीशी व पाऊस समोर, ही इंद्रधनुष्याला लागणारी मांडणी तेथे आपोआपच सिद्ध होते. म्हणून इंद्रधनुष्य ही मानोआत नित्याची वस्तू आहे. याच विद्यापीठातील वातावरणशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन बुसिंगर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात, इंद्रधनुष्ये पाहण्यास हवाईसारखे स्थळ पृथ्वीवर दुसरे नाही, असे कारणांसह प्रतिपादिले आहे. दरीत राहणाऱ्यांचा रोजचा व्यवहार याहून कमी रम्य आहे. कपाटातील चामड्याचे जोडे आणि पुस्तकांचे पुठ्ठे यांवर बुरशी धरते. दोरीवर घातलेले कपडे वाळले असे वाटेपर्यंत पुन्हा भिजतात. सर थोड्या वेळात ओसरते हे ठाऊक असल्याने पुष्कळ लोक छत्री उघडण्याचे कष्टही घेत नाहीत. घर पाहताना ‘दरीत किती आत?’ हे अगोदर विचारले जाते, कारण आतल्या घरास हिरवाई अधिक आणि ओलही अधिक.

हे ‘आत’ व ‘बाहेर’ सांगण्यासाठी होनोलुलूचे लोक, मग ते इंग्रजी बोलत असोत की तेथील पिजिन म्हणून ओळखली जाणारी क्रिओल, दोन हवाईयन शब्द वापरतात : ‘माउका’ आणि ‘माकाई’. ‘उका’ म्हणजे डोंगराकडील भूभाग, ‘काई’ म्हणजे समुद्र, आणि ‘मा’ हा स्थलवाचक शब्दयोगी. दुकान रस्त्याच्या माउका बाजूस आहे, गाडी माकाई बाजूस उभी करावी, असे सर्रास बोलले जाते. उत्तर-दक्षिणेची ही भाषांतरे नव्हेत. मानोआत माउका म्हणजे ईशान्य; रांगेच्या पलीकडे कायलुआत तीच दिशा नैर्ऋत्य होते. कोकणातला मनुष्य देशावर जाण्यास ‘घाटावर जाणे’ म्हणतो, तेव्हा तोही दिशा भूमीच्या चढउतारावरूनच सांगत असतो. परंतु मराठीत ती एका प्रदेशाची वहिवाट राहिली, हवाईत ती सार्वत्रिक झाली. होनोलुलूच्या वेधशाळेचा इंग्रजी अंदाजसुद्धा वाऱ्याकडील व ‘माउका’ भागांत सरी येतील, असे सांगतो. शासकीय इंग्रजीने देशी भाषेतला शब्द निरुपायाने घ्यावा, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. हवाईयन भाषेत पाऊस म्हणजे ‘उआ’. हाच शब्द नाम म्हणून येतो आणि क्रियापद म्हणूनही. ‘के उआ नेइ’ म्हणजे ‘पाऊस पडत आहे’. मराठीत पावसाला ‘पडावे’ लागते, तेथे त्याला निराळ्या क्रियापदाची गरज नाही. योगायोगाने पूर्णत्ववाचक अव्ययही ‘उआ’ असेच आहे. म्हणून ‘उआ उआ’ या दोन शब्दांचे वाक्य ‘पाऊस पडला’ असा पुरा अर्थ देते. या सामान्यनामापलीकडे पावसाला विशेषनामे आहेत. मानोआचा पाऊस ‘तुआहिने’. शेजारच्या पालोलो दरीचा ‘लीलीलेहुआ’. हवाई बेटावरील हिलो गावचा ‘कानीलेहुआ’. काउआई बेटावरील हानालेईचा ‘लोकू’. कोलेट लेइमोमी अकाना यांनी किएले गोन्झालेस यांच्या साहाय्याने २०१५ साली ‘हानाऊ का उआ’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात गीते, मंत्र, कथा व जुनी वृत्तपत्रे यांतून वेचलेली अशी दोनशेहून अधिक नावे दिली आहेत.

अशा संख्या ऐकल्या की एक जुना भ्रम डोके वर काढतो. फ्रान्झ बोआस यांनी १९११ साली एस्किमो भाषेतील हिमवाचक चार शब्दांचा दाखला दिला होता; पुढे लोकप्रिय लेखनात त्या चाराचे दहा, पन्नास, शंभर झाले. लॉरा मार्टिन यांनी १९८६ साली या फुगवट्याचा इतिहास मांडला, तरी तो भ्रम अद्याप गेलेला नाही. हवाईयन पर्जन्यनामांचा उल्लेखही पुष्कळदा याच थाटात, शब्दसंपत्तीचा पुरावा म्हणून, केला जातो. येथे प्रश्न संख्येचा नसून नामाच्या जातीचा आहे. एका तालुक्यात शंभर गावे असली म्हणून त्या तालुक्यातील बोलीत ‘गाव’ या अर्थाचे शंभर शब्द आहेत असे कोणी म्हणत नाही. ‘तुआहिने’ हे पावसाच्या प्रकाराचे नाव नव्हे. तशीच झिमझिम हिलोत पडली तर तिला तुआहिने म्हणता येणार नाही, जसे पुण्यातल्या नदीला तिचे पाणी सारखे दिसते म्हणून कृष्णा म्हणता येत नाही.

मराठीशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. मराठीत पावसाचे शब्द थोडे नाहीत. झिमझिम, भुरभुर, संततधार, झड, शिरवा ही रीतीची नावे. वळीव, मृगाचा, आर्द्रेचा, हत्तीचा ही काळाची. पुनर्वसूचा पाऊस तो ‘तरणा’ आणि पुष्याचा तो ‘म्हातारा’, ही शेतकऱ्याची विनोदी योजनाही नक्षत्रांच्या क्रमावरच उभी आहे. फार काय, ‘पाऊस’ हा शब्दच संस्कृत ‘प्रावृष्’ म्हणजे वर्षाऋतू यावरून आला आहे. मराठी माणसाचा पाऊस हा व्युत्पत्तीनेच काळ आहे. मोसमी पाऊस सगळ्या मुलखावर एका हंगामात उतरतो, तेव्हा ‘केव्हाचा?’ हा प्रश्न महत्त्वाचा. व्यापारी वाऱ्यांचा पाऊस बारमाही, पण दरीगणिक वेगळा, तेव्हा ‘कोठला?’ हा प्रश्न महत्त्वाचा. अर्थात ही विभागणी तंतोतंत नाही. हवाईयन लोकही वर्षाचे ‘काउ’ व ‘होओइलो’ असे दोन भाग करीत आणि दुसरा भाग पावसाचा मानीत. रीतिवाचक शब्दही त्यांच्याकडे आहेत. हानालेईच्या ‘लोकू’चा मूळ अर्थ मुसळधार एवढाच. सामान्य विशेषणाचे स्थळाशी बांधलेले विशेषनाम कसे होते, हे त्यात दिसते.

‘तुआहिने’ या नावाची घडण भाषाशास्त्राच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. कोशात ते ‘कुआहिने’ असेही सापडते. हवाईयन भाषेत त आणि क हे एकाच स्वनिमाचे दोन पर्याय होते. १८२६ साली मिशनऱ्यांनी लिपी आटोपशीर केली, तेव्हा त्यांनी क ठेवला व त गाळला. तसाच ल ठेवून र गाळला. छापील भाषेत क स्थिर झाला. नीइहाऊ बेटावरच्या बोलीत त टिकला, आणि इतरत्र काही जुन्या नावांत व संबोधनांत तो उरला. मानोआचा पाऊस त्यांपैकी एक. शब्दाचा अर्थ ‘बहीण’, पण पुरुषाची बहीण. स्त्रीच्या बहिणीस हा शब्द चालत नाही. मराठीत भाऊही ‘बहीण’ म्हणतो आणि बहीणही. हवाईयनमध्ये बोलणाऱ्याचे लिंग नात्याच्या शब्दात येते. परंपरागत कथेत काहाउकानी हा मानोआचा वारा आणि कुआहिने ही त्याची पत्नी. त्यांची कन्या काहालाओपुना हिच्याशी ज्याचा विवाह ठरला होता, त्यानेच खोट्या निंदेवर विश्वासून तिचा वध केला, आणि शोकाकुल माता पाऊस होऊन दरीत राहिली. कथेचे पाठ अनेक आहेत. राजा कालाकौआ यांच्या नावाने १८८८ साली निघालेल्या संग्रहातही ती आहे. नात्याचे नाव पावसाला का मिळाले, याचे हे स्पष्टीकरण भाषिक नव्हे. नाव आधी व कथा मागाहून, असेही घडले असेल. परंतु नाव विशेषनाम झाले होते याची साक्ष ती कथा निश्चित देते, कारण सामान्यनामाला चरित्र असत नाही.

१८९३ साली हवाईचे राज्य उलथविले गेले आणि १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. घरात भाषा बोलण्यास बंदी नव्हती. तथापि मुलांच्या तोंडून ती जाऊ लागली. मानोआतील तारोची, म्हणजे अळूच्या जातीच्या कंदाची, पाणथळ शेते मोडली, घरे उठली. या वेळी काय राहिले व काय गेले, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. माउका-माकाई राहिले, कारण इंग्रजीत त्या कामाचा शब्द नव्हता आणि रस्ता सांगितल्यावाचून कोणाचे चालत नाही. पावसाची नावे बोलण्यातून गेली, कारण ‘रेन’ म्हटल्याने कोणाचे अडत नव्हते. गाण्यांत ती राहिली. मानोआ व पालोलो यांमधील कड्याचे ‘वाआहिला’ हे नाव मूळचे एका पावसाचे आहे, हे मात्र त्यावर चढणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. स्थळवाचक क्रियाविशेषण उसने घेता येते. विशेषनाम ज्याला त्या वस्तूची ओळख आहे त्यालाच लागते.

पावसाने स्वतःची आठवण एकदा फार कठोरपणे करून दिली. ३० ऑक्टोबर २००४ रोजी दरीच्या वरच्या भागात अतिवृष्टी झाली. हा नित्याचा तुआहिने नव्हता. वाहून आलेल्या झाडाझुडपांनी वुडलॉन मार्गावरील पूल तुंबला, मानोआ ओढ्याने पात्र सोडले, आणि पाणी रस्त्यांवरून विद्यापीठात शिरले. हॅमिल्टन ग्रंथालयाच्या तळघरात असलेले नकाशे, हवाई छायाचित्रे व शासकीय कागदपत्रे यांचा मोठा संग्रह चिखलात गेला. तेथे अडकलेल्या काही मंडळींना खिडकी फोडून बाहेर पडावे लागले. बेटांची भूमी ज्यांत रेखाटली होती ते कागद त्याच भूमीच्या गाळाखाली गेले. ते वाळवून, गोठवून, वेचून काढण्याचे काम पुढे दीर्घकाळ चालले.

पावसाची नावे त्या नकाशांवर फारशी नव्हतीच. ती मुख्यतः आहेत १८३४ ते १९४८ या काळात निघालेल्या हवाईयन वृत्तपत्रांत, ज्यांची सुमारे सव्वा लाख पृष्ठे होतात. १९७८ साली हवाईयन ही राज्याची अधिकृत भाषा झाली आणि १९८७ पासून सरकारी शाळांत तिच्या माध्यमाचे वर्ग सुरू झाले. तेव्हापासून या पृष्ठांना नवा वाचक मिळू लागला. २०११ च्या अखेरीस हजारो स्वयंसेवकांनी ती यंत्रावर अक्षरशः टंकून काढण्याचे काम हाती घेतले. त्यांतील पुष्कळांना भाषा येत नव्हती. समोरचे अक्षर पाहून ते तसेच उतरवीत. आता त्या मजकुरात शब्द शोधता येतो. ‘तुआहिने’ शोधावयाचे तर ‘कुआहिने’ही शोधावे लागते. ‘उआ’ असा शोध घेतला, तर पावसाबरोबर पूर्णत्ववाचक ‘उआ’ जवळजवळ प्रत्येक ओळीत येतो, आणि त्यांतला पाऊस कोणता हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.